छत्तीस चौकोनांचा बांध

खोली पाहायला गेल्तो तर घरमालकानं नाव न्हाई विचारलं, जात न्हाई विचारली, आधी माझ्या चपलेकडं पाह्यलं. खाली वाकले, टाचेला लागलेला चिखल नखानं खरवडला, दोन बोटात चोळला आन् म्हन्ले, "परतूरकडचा दिसतो. काळी हाय, चिकट हाय. काय पेरलं औंदा?"

मी म्हनलं, "कापूस."

"एकटाच?"

"हो."

"मधात तुरीची ओळ न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी बोटावरच्या मातीकडं असं पाह्यलं की जसं तिच्याच घरात कोणी आजारी हाय. मंग म्हन्ले, "खोली देतो. पण बापाले सांगशीन, सहा ओळी कापूस झाला का एक ओळ तूर. सांगशीन?"

मी म्हनलं, सांगतो. अशी मला भोकरदनात कॉलेजसाठी खोली भेटली, तुरीच्या भरवशावर. आन् त्या दिवसापासून पुढं दोन वर्षं माझं नाव कापूस.

खोलीत आधीचे दोघं होते. एक धावड्याचा, त्याच्या घरी मिरची, म्हणून तो मिरची. दुसरा अंबडकडचा, त्याच्या घरी मोसंबीची बाग, म्हणून तो मोसंबी. आमच्या आईबापानं बारशाला पेढे वाटून ठेवलेली नावं त्या घरात कोणालाच माहीत न्हवती. एकदा माझा बाप भेटायला आल्ता, त्यानं खालून माझ्या खऱ्या नावानं हाक मारली, तर घरमालकीण काकू म्हन्ल्या, "असं कोणी राहत न्हाई इथं. वर कापूस राहतो, तो पाहा चालतो का."

घरमालकाला आम्ही सायेब म्हनायचो. ते शेतीखात्यातून रिटायर झालेले. सगळी नोकरी लोकांच्या बांधावर उभं राहून, काय पेरा, कधी पेरा, किती खोल पेरा, हे सांगण्यात गेली. स्वतःचं रान मात्र एक गुंठा न्हाई. घर तेवढं होतं, त्यावर गच्ची, आन् गच्चीवर काकूंच्या अकरा बादल्या, रंगाच्या रिकाम्या. त्यात मेथी, वांगी आन् एक कायम रुसलेला कढीपत्ता.

आता आवाजाचं सांगतो, कारण पुढं सगळं त्याच्यावरच हाय. सायेबांचे वरचे चार दात हलायचे. त्यामुळं वाक्य संपलं की मागून एक बारीक शिट्टी यायची, कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आधी तो कसा नुसता चाचपून पाहतो, तशी. आन् त्यांचा एक हुकमाचा एक्का होता. तुम्ही काहीही बोला, ते म्हनायचे, "बराबर हाय..." आन् थांबायचे. समोरच्याला वाटायचं, जिंकलो. त्याचं तोंड फुललं, की मंग ते "पण" टाकायचे. त्या "पण"नं मी चांगल्या चांगल्या पुढाऱ्यांचे चेहरे उतरलेले पाह्यले.

मला नकला यायच्या. शाळेत हेडमास्तरांची करून दोनदा मार खाल्लेला, त्यामुळं अनुभव होता. बसस्टँडच्या टपरीवर मी रोज सायेबांची नक्कल करायचो. एकदा रंगात आल्तो, "बराबर हाय, पण भाऊ, या चहाले बीजप्रक्रिया केली व्हती का?" आन् टपरीवरचे लोक हसता हसता एकदम गप झाले. मागं सायेब उभे. मी म्हनलं, गेली खोली.

सायेब म्हन्ले, "चुकलं."

"सॉरी सायेब."

"सॉरी न्हाई रे. थांबणं चुकलं. 'बराबर हाय' झालं का मनात तीन मोज. समोरचा हसू लागला का मंग 'पण' टाक. तू लय जल्दी करतो." आन् टपरीवाल्याला म्हन्ले, "याच्या चहाचे माह्याकडं धर. मेहनत घेऊन राह्यला पोरगा."

गेम घरात आला तो मिरचीमुळं. मोबाईलवरचा शेतीचा गेम. एक चौकोनी रान भेटतं, त्यात पेरायचं, पाणी द्यायचं, कापायचं, बाजारात विकायचं, त्या नाण्यातून अजून रान घ्यायचं. एका दुपारी मिरची आडवा पडून गहू कापत होता आन् सायेब वर आले, टाकी वाहून राह्यली म्हणून भांडायला. भांडण दारातच राह्यलं.

"काय करून राह्यला रे?"

"गहू काढून राह्यलो सायेब."

"पेरला कधी?"

"परवा."

सायेब खाटेवर बसले. "कोणतं वाण हे?"

"वाण न्हाई सायेब, गेम हाय."

"हां, ते कळलं. पण वाण कोणतं?"

खाली टाकी वाहतच होती. काकूंनी तीनदा आवाज दिला. सायेब उठले ते मिरचीकडून स्वतःच्या मोबाईलमध्ये गेम टाकून घेऊनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं रान पाह्यलं. दहा बाय दहाचं, म्हणजे शंभर चौकोन. मधले चौसष्ट पेरलेले, एकदम ओळीत. कडेनं चारही बाजूनं एक एक चौकोन मोकळा.

"सायेब, कडेचं राह्यलं तुमचं."

"राह्यलं न्हाई. बांध हाय तो."

"पण शेजारीच कोणी न्हाई ना! पलीकडं नुसतं निळं हाय."

"आज न्हाई. उद्या आला तं? आल्याबराबर भांडू का त्याच्याशी?"

मोसंबी कॉमर्सचा. त्यानं बसल्या जागी हिशोब केला. "सायेब, छत्तीस चौकोन पडीक! शंभरात छत्तीस!"

"बराबर हाय," सायेब म्हन्ले. मोसंबी फुलला. मी मनात मोजले, एक, दोन, तीन. "पण मंग चालशीन कुठून?"

कारण गेममध्ये एक टोपीवाला बुटका माणूस असतो. आपण बोट लावू तिकडं तो जातो. बाकीच्यांचे बुटके उभ्या पिकातून धाड धाड पळायचे, पिकाला काही होत न्हाई. सायेबांचा बुटका मात्र बांधावरून चालायचा. समोरच्या कोपऱ्यात जायचं असलं तरी आख्ख्या रानाला वळसा. मिरची म्हनायचा, "सायेब, मधातून न्या, काही होत न्हाई पिकाले." सायेब म्हनायचे, "तुह्या बापासमोर चालून दाखव बरं मिरचीच्या रोपावरून. आन् मंग सांग, काही होत न्हाई म्हणून."

मिरचीलाही माहीत होतं, काय होतं ते.

त्यांचं बाकीचंही तसंच. दुपारी बाराला गेम पाणी मागायचा, लाल थेंब टिमटिम करायचा, सायेब देत न्हवते. "भर उन्हात पाणी देत असतेत का?" एका रानात लागोपाठ दोनदा एकच पीक घेत न्हवते. गेमला त्याचं काही घेणंदेणं न्हवतं, सायेबांना होतं. पोळ्याच्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टर उभा ठेवला. मी म्हनलं, "सायेब, तो ट्रॅक्टर हाय." म्हन्ले, "बैलाच्या जागी कोण कामाले हाय? तोच ना? मंग त्याले सुट्टी नको?" त्यात त्यांचं उभं सोयाबीन वाया गेलं. दुसऱ्या दिवशी बिलकुल शांत होते, काकूंनी केलेल्या पुरणपोळीवर तूप मागत होते.

एकदा नात्यातल्या एका लग्नात पंगतीतून मधातच उठले. "वेळ झाली," म्हन्ले. लोकांना वाटलं, गोळीची. दोन माणसं काळजीनं मागं गेले, तर सायेब मंडपाच्या खुंटाला टेकून टमाटे तोडून राह्यले होते.

पण खरी मजा होती ती काय पेरायचं यावर. मोसंबीनं एक वही केल्ती. बियाण्याला किती नाणे, विकून किती, किती दिवसात. त्यात एक नंबर स्ट्रॉबेरी. चार दिवसात तिप्पट. दोन नंबर भोपळा. हरभरा कुठंतरी खाली, सतराव्या नंबरवर. मोसंबीनं वही सायेबांसमोर ठेवली, जसं काही मुलगी दाखवून राह्यला.

सायेबांनी चष्मा लावला. "यात मजुरी न्हाई धरली."

"गेममध्ये मजुरी नसते सायेब."

"कशी नसते? ही तुही ष्टॉबेरी पिकल्यावर किती वेळ टिकते?"

"दोन तास."

"म्हंजे दर चार दिवसानं दोन तास तू मोबाईल धरून बसशीन. मंग कॉलेजात कोण जाईन, ष्टॉबेरी? हरभरा सहा दिवसाचा, पिकून दोन दिवस उभा राहतो. तेवढ्यात माणूस जालन्याले जाऊन येतो. ते लिही वहीत." आन् मंग चष्मा काढून त्यांचं ते वाक्य, जे मी टपरीवर शंभरदा विकलं, "आन् ध्यानात ठेव, भाव पाहून पेरणारा माणूस नेहमी मागच्याच वर्षाचं पेरतो."

या गेममध्ये वीस वीस जणांचं एक गाव करता येतं. आम्ही केलं. आम्ही तिघं, कॉलेजातले पोट्टे, बसस्टँडचा पानवाला, काकूंच्या भाच्या, असे वीस झाले. सरपंच सायेब, कारण रोज सकाळी पाचला हजर असणारे तेच एकटे. दर रविवारी सकाळी नऊला सगळ्यांचा फोनवर एकत्र कॉल, आन् त्यात सायेब सांगणार, कोणी काय पेरायचं. निम्मं गाव फक्त ती शिट्टी ऐकायला यायचं.

मंग आली महिनाभराची स्पर्धा. ज्या गावाचा माल सगळ्यात जास्त भावाचा, ते वर. पहिल्या दहात जे गाव येईन, त्याच्या सरपंचाला आपल्या रानावर पाटी लावता येणार, आपल्याला पाहिजे त्या नावाची. बाकी काही न्हाई, नुसती एक लाकडी पाटी. आम्ही पोरं हसलो. सायेब हसले न्हाईत. त्यांनी मिरचीला बाजूला घेऊन दोनदा विचारलं, "पाटी कायमची ना? पुसत न्हाई ना मंग कोणी?"

मला उलगडा झाला तो काकूंमुळं. बुद्धपौर्णिमेची खीर घेऊन वर आल्त्या, म्हन्ल्या, "कापूस, हे पाटीचं जमन का रे?"

"काहून काकू?"

"ह्यायचा बाप जलमभर सालगडी. एकाच पाटलाच्या वावरात. त्या वावरातलं ढेकूळ न् ढेकूळ वळखायचा म्हनतेत. पण वावर म्हनलं का नाव पाटलाचं. सातबाऱ्यावर तं जाऊ द्या, कोणी बोलतानीबी कधी त्याचं नाव न्हाई घेतलं. ह्यायले त्या पाटीवर बापाचं नाव टाकायचं हाय. मले बोलले न्हाईत, पण झोपेत बोलून राह्यले." आन् जाता जाता, "मी सांगितलं म्हनू नको. आन् वाटी धुऊन दे."

तिथून आम्ही तिघं कामाला लागलो. मोसंबी वर्गात वही लपवून हिशोब करायचा, मिरची सायकलवरून उतरून पाणी द्यायचा. वीस दिवसात आम्ही चौदाव्या नंबरवर. राह्यले दहा दिवस. मोसंबीचं म्हनणं, आता सगळ्यांनी सगळी स्ट्रॉबेरी लावायची, बांध मोडून, शंभरच्या शंभर चौकोनात. पानवाला त्याच्या बाजूनं, पोट्टे त्याच्या बाजूनं. रविवारच्या कॉलमध्ये फैसला होता.

आन् शुक्रवारी सायेबांचे दात काढले. चारच न्हाई, वरचे सगळे. गाल असा सुजला की जसं काही तोंडात बटाटा ठेवून कोणी विसरलं. डॉक्टरनं सांगितलं, चार दिवस तोंड उघडायचं न्हाई.

रविवारी साडेआठला त्यांनी मला खाली बोलावलं. हातात नातीची पाटी आन् खडू. लिहिलं, "तू बोल." मी म्हनलं, "काय बोलू?" त्यांनी स्वतःच्या गळ्याला बोट लावलं, मंग माझ्या. चोरून नक्कल करणं वेगळं, हे म्हंजे मालकानंच दुकानाची चाबी दिली. मंग पाटी पुसून लिहिलं, "सगळे गावं ष्टॉबेरी लावतीन. भाव पडन. आपण हरभरा. बांध तसाच." आन् मोबाईल माझ्या हातात देऊन आतल्या खोलीत जाऊन पडले, गालावर बर्फाची पिशवी धरून.

वर आलो तर मोसंबी आन् मिरची दारातच. मोसंबी म्हन्ला, "कापूस, स्ट्रॉबेरी म्हन."

"त्यायनं हरभरा लिहिलाय."

"अरे पाटी त्यायलेच पाहिजे ना? मंग त्यायच्याच फायद्याचं सांगून राह्यलो. हरभऱ्यानं दहात येतो का कोणी? त्या आवाजात एकदा स्ट्रॉबेरी म्हन, आख्खं गाव लावतं. पाटी लागली का सायेबच मिठी मारतीन तुले."

मिरचीही म्हन्ला, "बोल बाबा. त्यायच्या बापाचं नाव हाय."

आन् खरं सांगतो, मलाही पटलं होतं. मी ठरवलं होतं, स्ट्रॉबेरीच म्हनायचं.

नऊ वाजले. वीसही जण आले. मी गळा घट्ट केला, जीभ वरच्या दातामागं लावली, शिट्टी सोडली, "रामराम मंडळी, सगळ्यायनं पाणी दिलं का?" कोणाला काही कळलं न्हाई. पानवाला लगेच म्हन्ला, "सायेब, यंदा स्ट्रॉबेरीच पाहिजे बरं का. सगळ्यायचं मत हाय."

मी म्हनलं, "बराबर हाय..."

आन् थांबलो. तीन मोजायचे होते. एक. मोसंबी समोर मान हलवून राह्यला, म्हन, म्हन. दोन. पानवाला तिकडं हसला, ऐकू आलं. तीन. नुसतं "लावा" म्हनायचं होतं.

पण त्या आवाजातून ते निघंच ना. नकला करणाऱ्याला विचारा तुम्ही. आवाज म्हंजे नुसता गळा नसतो. जो माणूस जे बोलणार न्हाई, ते त्याच्या आवाजात बोलायला गेलं की आवाज फाटतो, नक्कल खोटी पडते. माझ्या तोंडून निघालं, "...पण हेच बाकीचे गावं म्हनत नसतीन का?"

मंग मी थांबलो न्हाई. पाटीवर दोनच ओळी होत्या, मी वीस मिनिटं बोललो. भाव पाहून पेरणारा मागच्या वर्षाचं पेरतो, मजुरी धरली का, बांध मोडला तर चालशीन कुठून, धावड्याकडं एका साली सगळ्यायनं मिरची लावली तर काय झालं, सगळं. दोन वर्षं ज्याच्यावर मी चहा कमावला, ते एकेक वाक्य मला तोंडपाठ होतं, आन् त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्यातलं काहीही हसण्यासारखं वाटलं न्हाई. शेवटी पानवाला म्हन्ला, "जाऊ द्या सायेब, तुम्ही म्हनता तं हरभरा." कॉल संपला. मोसंबीनं वही भिंतीवर हाणली.

दारात सायेब उभे. कधी वर आल्ते कोण जाणे. एका हातात बर्फ, दुसऱ्या हातात पाटी. पाटीवर लिहिलं होतं, "थांबणं बराबर जमलं."

स्ट्रॉबेरीचा भाव सहाव्या दिवशी पडला. असा पडला की फुकट न्या म्हनायची पाळी. सगळ्या गावांनी तीच लावल्ती. आमचा हरभरा मात्र चढत गेला. तेराव्यावर आलो, बाराव्यावर आलो, शेवटच्या सकाळी अकराव्यावर. मोसंबीनं स्वतःहून येऊन सायेबांचे पाय धरले. आम्ही खाली त्यांच्या ओसरीत बसलेलो, पाच जण एका मोबाईलवर वाकलेले, काकूंच्या हातात चहाचा ट्रे तसाच.

दुपारी बाराला स्पर्धा संपली. आम्ही अकरावे. दहाव्या गावात आन् आमच्यात बारा पोते हरभऱ्याचा फरक.

मोसंबीच्या डोक्यात हिशोब चालू होता, मला दिसत होता, पण यावेळी त्यानं तोंड उघडलं न्हाई. उघडलं ते सायेबांनी. तोपर्यंत डॉक्टरनं त्यांना तात्पुरती नवी कवळी बसवली होती. "बांध पेरला असता तं," ते म्हन्ले, "बारा काय, चाळीस पोते जास्त झाले असते."

"हो सायेब," मोसंबी म्हन्ला, एकदम हळू.

"जाऊ दे," सायेब म्हन्ले. "बांध पेरून बापाचं नाव लावलं असतं, तं बाप पहिलं बांधच पाहायले आला असता." आन् चहा घेतला, बशीत ओतून, शेवटपर्यंत. मोबाईल उघडून रान नांगरायला लागले. पुढच्या हंगामाला काय, तर तूर.

आमच्याच जिवाला मात्र चैन न्हवती. मिरचीचा चुलतभाऊ बसस्टँडजवळ गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवायचा. तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करून घेतला, त्यावर पिवळा रंग, आन् काळ्या अक्षरात सायेबांच्या वडलांचं पूर्ण नाव. ते नाव काकूंनी सांगितलं, दोनदा, सावकाश. खाली लिहिलं, "यांचे रान". रविवारी सकाळी आम्ही ती पाटी गच्चीवर काकूंच्या अकरा बादल्यांच्या समोर, एकदम कठड्याला लावून, विटांमध्ये उभी केली आन् सायेबांना वर बोलावलं.

सायेब आले. पाह्यलं. चष्मा पुसून परत पाह्यलं. बराच वेळ वाचत होते, तीनच तर शब्द होते नावात. काकू जिन्यात उभ्या. सायेबांनी बोलायला तोंड उघडलं, तर नवी कवळी नुसती कट कट वाजली. त्या कवळीनं शिट्टी पार गेल्ती, आवाज रेडिओसारखा साफ झाल्ता, त्यांचा त्यांनाच परका वाटायचा. त्यांनी माझ्याकडं पाह्यलं.

"कापूस," म्हन्ले, "मले न्हाई जमून राह्यलं. माह्या आवाजात बोल काहीतरी."

मी गळा घट्ट केला. जीभ लावली. शिट्टी सोडली. "बराबर हाय..."

एक. दोन. तीन. सायेबांचं तोंड फुललं.

"...पण बांध कुठंय?"

सायेब असे हसले की कवळी बाहेर आली, ती त्यांनी हातातच झेलली. मंग वाकले, विटा सरकवल्या, आन् पाटी कठड्यापासून वीतभर आत घेतली. आम्ही हात लावायला गेलो तर लावू दिला न्हाई.

परवा भोकरदनला गेल्तो, वर जाऊन आलो. बादल्या आता अठरा झाल्यात, गच्चीत पाय ठेवायला जागा न्हाई, कढीपत्ता अजून रुसलेलाच. पाटीच्या मागची ती वीतभर जागा मात्र मोकळी हाय. काकू रोज झाडून घेतात, आन् तिथं बादली ठेवायची कोणाची हिंमत न्हाई.